दारातली पहिली दोन मिनिटं

होस्टेलच्या खोलीचं दार उघडलं की पहिलं काय दिसतं? चौघांच्या चपला-बुटांचा ढीग, कडीला लटकलेला ओला टॉवेल आणि मध्येच कुणाची तरी बादली. उडी मारून आत जायचं आणि कॉटवर पडायचं. 'दारातून आत येणं' ही डिझाईन करायची गोष्ट आहे, असं गेल्या वर्षापर्यंत मलाही कधी वाटलं नव्हतं.

मग मावशीचा फोन आला. ती कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते. "अरे, तू सिव्हिलचा ना? आजी आता माझ्याकडेच राहायला येतेय. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. दाराजवळची जागा तिच्यासाठी नीट करायचीय. फक्त घराची स्टाईल बिघडवू नकोस, काका चिडतील. मिड-सेंच्युरी मॉडर्न आहे ते." मी ऐटीत "करून टाकू" म्हणालो. फोन ठेवल्यावर ही स्टाईल काय असते ते शोधायला बसलो!

मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणजे साधारण १९४५ ते १९६५ या काळातली शैली. महायुद्ध संपलं होतं, सैनिक घरी परतले होते, घरं झटपट आणि परवडणारी हवी होती. प्लायवूड, पोलाद आणि मोठ्या काचा सहज मिळू लागल्या होत्या. नक्षी, कमानी, झालरी गेल्या आणि घराचा सांगाडाच शोभा झाला. मावशीचं घर जोसेफ आइकलर या बिल्डरने साठच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं. १९४९ नंतरच्या पाव शतकात त्याने सुमारे ११,००० घरं बांधली, बहुतेक सगळी कॅलिफोर्नियात. एक गोष्ट मला विशेष आवडली. त्या काळी तिथल्या अनेक वसाहतींत कृष्णवर्णीय किंवा आशियाई माणसाला घर विकत नसत. आइकलर कुणालाही विकायचा. म्हणजे दार कसं असावं याइतकंच ते कुणासाठी उघडावं, याचाही त्याने विचार केला होता.

आता थोडं इंजिनिअरिंग. आपल्या जुन्या घरांत छताचं ओझं भिंत पेलते, म्हणून भिंत जाड आणि खिडकी लहान. इथे ओझं लाकडी खांब आणि तुळया पेलतात, भिंत म्हणजे नुसता पडदा. त्यामुळे जमिनीपासून छतापर्यंत काच बसवता येते. आतली तुळई काचेवरून तशीच बाहेर गेलेली दिसते. आत आणि बाहेर यांची सीमाच पुसट होते.

यातूनच प्रवेशाची गंमत तयार होते. रस्त्यावरून पाहिलं तर मावशीचं घर अगदी घुम्यासारखं दिसतं : कोरी लाकडी भिंत आणि गॅरेज. छोट्या फाटकातून आत गेलं की वर मोकळं आकाश असलेला चौक. त्याला 'एट्रियम' म्हणतात. चौकाच्या पलीकडे काच आणि खरं दार. आधी लपवायचं, मग एकदम उघडून दाखवायचं. आपल्या वाड्यातल्या दिंडीदरवाजातून चौकात शिरतानाही असंच होतं की नाही?

स्टाईल कळली. आता आजी. मी एक कागद घेतला आणि दारात आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत आजी काय काय करेल ते लिहिलं. काठी टेकवणार, कशाचा तरी आधार घेणार, बसणार, चपला काढणार, शाल अडकवणार, उठणार. बस, एवढंच. ज्या वस्तूला यातलं काहीच काम नाही, ती दारात नको. या शैलीचं मर्मही नेमकं हेच आहे.

बसण्यासाठी मला जॉर्ज नेल्सनचा १९४६ सालचा पट्ट्यापट्ट्यांचा लाकडी बाक फारच आवडला. पण त्याची उंची १४ इंच! त्यावरून आजीला उठवायला दोन माणसं लागली असती. म्हणून तसाच दिसणारा, पण १८ इंच उंचीचा बाक काढला. खुंट्यांसाठी चार्ल्स आणि रे ईम्स यांची १९५३ सालची 'हँग-इट-ऑल' सुचवली : वेल्ड केलेल्या तारा आणि टोकांना रंगीत लाकडी गोळे. मुळात ती लहान मुलांसाठी केलेली, पण गोळ्यावर शाल ताणली जात नाही आणि तो हाताला बोचतही नाही. (याच जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालातून पुढे अहमदाबादची एन.आय.डी. उभी राहिली.) दिवा साधा, पांढऱ्या काचेचा गोल. उजेड मऊ, सावल्या कमी, म्हणजे पाय कुठे पडतोय ते दिसतं.

ड्रॉइंग झोकात झालं. बाक हलू नये म्हणून मी चार अँकर बोल्ट थेट स्लॅबमध्ये दाखवले होते. काकांनी ते एका वयस्कर मिस्त्रीला दाखवलं. त्याने बोल्टवर बोट ठेवून विचारलं, हे कुणी काढलं? या घरांत थंडीसाठी गरम पाण्याचे पाईप स्लॅबच्या आतून फिरवलेले असतात. जमीनच हीटर! चारपैकी एक ड्रिल जरी पाईपला लागलं असतं, तरी आजी यायच्या आधी अख्खी फरशी फोडावी लागली असती. दहा वेळा फोटो पाहिले, पण फरशीखाली काय आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री जेवण गेलं नाही, खरं सांगतो.

मग जमिनीला हात न लावता विचार केला. बाक वजनदार केला आणि मोकळाच ठेवला. आधाराचा लाकडी दांडा बाकाशेजारच्या खांबाला लावला. ओझं पेलणं हे खांबाचंच काम, आणि दांडा तिथे शोभतोही. मिस्त्रीने आणखी एक गोष्ट पकडली. दाराशेजारची काच मूळची, म्हणजे साधी. ती फुटली की सुरीसारखे तुकडे होतात. अमेरिकेत दारांच्या काचेसाठी देशभराचं सुरक्षा-मानक १९७७ साली आलं, घर त्याआधीचं. तोल जाणारं माणूस घरात येणार म्हटल्यावर तिथे टफन्ड काच बसवली. दिसायला काहीच फरक नाही.

दाराचा रंग आजीला विचारला. ती म्हणाली, शेंदरी. काकांचा चेहरा पडला. पण या घरांची दारं अशाच भडक रंगांची असायची, हे कळल्यावर ते गप्प झाले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी ना कुणी उद्या गावी घर बांधायला काढेल. दाराची नक्षी निवडण्याआधी दारात येणाऱ्या माणसाची पहिली दोन मिनिटं कागदावर लिहा. आणि ड्रिल हातात घेण्याआधी आत काय आहे ते विचारा.

आजी पोचल्यावर व्हिडिओ कॉल केला. बाकावर बसली होती, दांडा धरून एकटीच उठूनही दाखवलं. मी कौतुकाची वाट बघत होतो. ती म्हणाली, "सगळं छान आहे रे. पण चपला ठेवायच्या कुठे?"

कागदावर 'चपला काढणार' असं लिहिलं होतं. 'ठेवणार' लिहायचं राहून गेलं होतं!

(तृतीय वर्ष, स्थापत्य)