भाकड दिवसांचा जमाखर्च

मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने होल्स्टीन व जर्सी वळूंच्या वीर्याचे कृत्रिम रेतन थेट गोठ्यापर्यंत नेले आणि संकरित गाय अल्पभूधारकाच्या दावणीला स्थिरावली. परंतु तिच्या हिशेबातील एक मोठी तूट दुधाच्या पावतीवर कधीच उमटत नाही, ही खेदाची गोष्ट होय. दर फॅट व एसएनएफवर ठरतो, आणि खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग चारा व पेंड यांत जातो, हे सर्वश्रुत आहे. मात्र ती तूट भाकड दिवसांत दडलेली असते. गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असल्याने, दरसाल एक वेत पदरी पडावे तर व्यायल्यापासून ८५ दिवसांच्या आत गाय पुन्हा गाभण राहिली पाहिजे. माज साधारणतः २१ दिवसांनी येतो व जेमतेम दिवसभर टिकतो. पहाटेच्या अंधारात शेपटीखाली लोंबणारा माजाचा काचेसारखा स्वच्छ सोट नजरेतून निसटला, की पुढील तीन आठवड्यांची वैरण हकनाक खर्ची पडते, आणि दोन गाईंच्या गोठ्यात हा भार दुसरीच्याच दुधावर येतो. म्हणून पशुपालकांना आग्रहाची विनंती, की विण्याची, माजाची व रेतनाची तारीख टिपणारी नोंदवही आजच गोठ्यात टांगावी.