चाहत्यांनी लिहिलेलं कुणाच्या नावावर?

इंग्लंडमध्ये एखाद्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांचं जुनं संकेतस्थळ बंद पडायला आलं की चर्चा बहुधा खर्चापासून सुरू होते. सर्व्हरचं भाडं वाढलं, जाहिराती आटल्या, चालवणारा थकला. मग विकायचं, कुणाच्या तरी गळ्यात घालायचं की कुलूप लावायचं? माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. आधी ठरायला हवं ते आजवर साठलेल्या मजकुराचं. त्याची सोय लागली, तर संकेतस्थळ चालो वा थांबो, फारसं बिघडत नाही. ती न लावता विकलं किंवा बंद केलं, तर एका माणसाचा छंद संपतो एवढंच होत नाही, एका गावाची दप्तरं जातात.

या संकेतस्थळांचे पूर्वज म्हणजे फॅनझीन, चाहत्यांनीच काढलेली छोटी नियतकालिकं. ‘असो’, ‘वाचा’ ही आपली अनियतकालिकं ज्यांना आठवतात, त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको: पदरमोड, जमेल तशी छपाई आणि प्रस्थापितांना ओरबाडणारी भाषा. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १९७२ मध्ये काढलेलं ‘फाउल’ चार वर्षांत आटोपलं. पण १९८४ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीच्या चाहत्यांचं ‘द सिटी जेंट’ आलं, १९८६ मध्ये ‘व्हेन सॅटरडे कम्स’, आणि पाठोपाठ जवळपास प्रत्येक क्लबचं एखादं तरी. काळ वाईट होता. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड मैदानात जुन्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ब्रसेल्सच्या हेझेल मैदानात प्रेक्षकांच्या दंगलीत ३९. सरकारच्या आणि बऱ्याचशा वृत्तपत्रांच्या लेखी प्रेक्षक म्हणजे गुंड. प्रेक्षकांना ओळखपत्राची सक्ती करण्याची तरतूद थॅचर सरकारनं कायद्यात आणलीसुद्धा. न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानंतर ती गुंडाळावी लागली. तो अहवाल होता शेफील्डच्या हिल्सबरो मैदानातल्या दुर्घटनेवरचा. १५ एप्रिल १९८९ च्या त्या चेंगराचेंगरीत अखेर ९७ बळी गेले, आणि चारच दिवसांनी ‘द सन’नं पहिल्या पानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांवरच किळसवाणे आणि धादांत खोटे आरोप छापले. चाहत्यांचा दोष नव्हता, हे चौकशीतल्या ज्यूरीनं नोंदवायला २०१६ साल उजाडलं. ‘जुन्या सामन्यांवरची भांडणं कशाला जपायची?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे. खपाचं वृत्तपत्र जेव्हा प्रेक्षकांबद्दल खोटं छापतं, तेव्हा प्रेक्षकांनी स्वतः लिहून ठेवलेल्या ओळी, शिव्याशापांसकट, इतिहासाचं साधन ठरतात.

कागदी फॅनझीन निदान कुणाच्या तरी माळ्यावर टिकतं. पडद्यावरच्या मजकुराचं तसं नाही. याहूनं २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं, तेव्हा हौशी मंडळींची असंख्य पानं एका फटक्यात गेली. त्याहून विचित्र प्रकार २०१७ चा. फोटोबकेट या कंपनीनं इतर संकेतस्थळांवर छायाचित्रं दाखवण्यासाठी वर्षाला जवळपास चारशे डॉलर मागायला सुरुवात केली. परिणाम असा, की जुन्या चर्चेत मजकूर शाबूत, ‘हा बघा आमचा स्टँड’ हे वाक्यही जागच्या जागी, आणि खाली छायाचित्राऐवजी खातं वाढवा म्हणून सांगणारं, काटा असलेल्या मीटरचं चित्र. ब्रिटनमध्ये २०१३ पासून संकेतस्थळांच्या प्रती कायद्यानंच जतन होतात, मग काळजी कशाची, असं कुणी म्हणेल. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तो संग्रह वाचकांना दीर्घकाळ बंद राहिला. प्रत एकाच ठिकाणी असणं म्हणजे अर्धवट असणंच.

विकण्याचा मार्ग मला सर्वांत धोक्याचा वाटतो. पैसे मिळतात, तांत्रिक कटकट जाते, हे खरं. पण विकत घेणाऱ्याला हवी असते वाचकांची वर्दळ. ती घटली की त्याचा रस संपतो. अमेरिकेतल्या एसबी नेशन या जाळ्यात प्रत्येक संघाच्या चाहत्यांचं वेगळं पान होतं. जानेवारी २०२३ मध्ये मालक व्हॉक्स मीडियानं मेजर लीग सॉकरच्या बहुतेक पानांचा पैसा बंद केला. काही लेखकांनी बाहेर पडून स्वतःचं नव्यानं उभं केलं, पण वाचकांची जुनी सवय आणि नाव मागेच राहिलं.

‘ज्यानं इतकी वर्षं पदरचे पैसे घातले, त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्या’ हा आक्षेप वजनदार आहे. थांबण्याचा त्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. कायदाही आता जड झाला आहे: ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्यानुसार १७ मार्च २०२५ पासून, लोकांना लिहू देणाऱ्या छोट्या मंचांनाही बेकायदा मजकुराच्या धोक्याचा लेखी आढावा ठेवावा लागतो, आणि दंडाची कमाल मर्यादा १.८ कोटी पौंड किंवा जागतिक उत्पन्नाच्या दहा टक्के, यांत जी रक्कम मोठी ती. एकट्या माणसानं हे का सोसावं? एकट्यानं सोसू नये, एवढंच माझं म्हणणं. क्लब मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा विम्बल्डनच्या चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लबच काढला. तो सभासदांच्या ट्रस्टच्या हाती आहे आणि २०२० मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या ठिकाणी परतलासुद्धा. क्लब चालवता येतो, तर चार सभासदांच्या नावावर एक डोमेन ठेवणं काय अवघड? ते बेवारस सोडलं, तर जुगाराच्या जाहिरातवाल्यांनी उचललेलं दिसायला वेळ लागत नाही.

खासगीपणाचा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करतो. विशीत टोपणनावानं लिहिलेलं पन्नाशीत नको वाटू शकतं. शेफील्ड वेन्सडे क्लबनं २००७ मध्ये चाहत्यांच्या मंचावरच्या लेखकांची नावं मिळवायला न्यायालय गाठलं, तेव्हा न्यायाधीशांनी नुसती टवाळी आणि गंभीर आरोप यांत फरक केला आणि दुसऱ्या प्रकारच्याच लेखकांची ओळख उघड करायला सांगितली. जतन करतानाही तसाच फरक करावा: काही महिन्यांची सूचना द्यावी, मागेल त्याचं लिखाण झाकावं, बाकीचं ठेवावं.

आपल्याकडे ही वेळ यायची आहे असं समजू नये. गोव्यात साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे क्लब २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले; त्यांच्या चाहत्यांनी लिहिलेलं कुणी जपलं? कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघांच्या समर्थकांकडून आज जे काही लिहिलं जातं, ते बहुतेक फेसबुक-इन्स्टाग्रामवर, म्हणजे परक्याच्या जागेत. अशी पानं चालवणाऱ्यांनी या दिवाळीत दोन कामं करावीत: पासवर्ड आणखी दोघांकडे द्यावा, आणि सगळा मजकूर छायाचित्रांसह उतरवून एक प्रत गावातल्या वाचनालयाच्या हवाली करावी.