मांडीवरचा पंचेंद्रिय जीव

जीवंधरकुमाराची कथा जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. यज्ञासाठी ठेवलेले अन्न उष्टावले म्हणून मारहाण झालेला एक कुत्रा मरणासन्न पडला होता. जीवंधराने त्याला णमोकार मंत्र ऐकवला. शांत परिणामांनी देह सोडलेला तो जीव सुदर्शन नावाचा यक्षेंद्र झाला. कुत्रा हा मन असलेला, पंचेंद्रिय जीव आहे, हे या कथेत गृहीतच धरलेले आहे.

आज हाच जीव निराळ्या रूपाने व्यापारी कुटुंबांच्या सदनिकांत प्रवेश करीत आहे. माल्टीज आणि पूडल यांच्या संकरातून झालेला माल्टीपू, शित्झू आणि पूडल यांचा शिपू, पॉमेरेनियन आणि चिवावा यांचा पॉमची अशी त्याची नावे. वजन बहुधा तीन ते पाच किलो, केस मऊ, स्वभाव लाघवी. मुलांचा हट्ट होतो, वाढदिवस जवळ येतो आणि पिल्लू घरी येते. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांची खरी परीक्षा तेथून सुरू होते. कारण हे पाचही अतिचार रागाने जितके घडतात, तितकेच लाडानेही घडतात.

खरेदीपूर्वीचा विचार

संकरित पिल्लाला केनेल क्लबच्या नोंदवहीत स्वतंत्र जात म्हणून स्थान नसते. त्यामुळे ‘शुद्ध जातीचे कागद’ दाखवून वाढवलेल्या किमतीला अर्थ उरत नाही. एकाच वेतातील दोन भावंडांचे केस आणि आकारही वेगळे निघू शकतात. ‘केस गळत नाहीत, म्हणून ॲलर्जी होणार नाही’ हे आश्वासनही फोल आहे. ॲलर्जी घडवणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत व त्वचेच्या कोंड्यात असतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न पिल्लाच्या आईचा आहे. पिंजऱ्यात ठेवून तिच्याकडून वेतामागून वेत घेतले जात असेल, तर ते साक्षात अतिभारारोपण होय आणि ग्राहक त्याला अनुमोदन देतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीपत्र पाहावे, आईला प्रत्यक्ष पाहावे. विक्रेता आई दाखवण्यास टाळाटाळ करीत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. सोडून दिलेल्या कुत्र्याला आश्रय देणे हा त्याहून निर्दोष मार्ग आहे.

बंध आणि वध

हे कुत्रे माणसाच्या सोबतीसाठीच घडवलेले आहेत. घरातील सर्वजण सकाळी दहा ते रात्री नऊ दुकानात आणि पिल्लू गॅलरीत बांधलेले, ही स्थिती त्याला असह्य होते. सतत भुंकणे, पंजे चाटून लाल करणे, वस्तू कुरतडणे ही खोड नव्हे, एकटेपणाची व्यथा होय. अवाजवी काळ आखूड साखळीने बांधून ठेवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा ठरतो. लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याऐवजी छातीवर बसणारा पट्टा वापरावा.

दोन-तीन महिन्यांचे पिल्लू फार काळ लघवी रोखू शकत नाही. त्याला मारून काहीच शिकवता येत नाही. झोपेतून उठल्यावर आणि खाण्यानंतर ठरावीक जागी नेऊन तेथे केल्यावर कौतुक केले, तर ते लवकर शिकते. त्याच्या पुढच्या पायांची हाडे काडीसारखी असतात. सोफ्यावरून मारलेली उडी किंवा मुलांच्या हातून निसटणेही ती मोडण्यास पुरते.

छेद आणि अतिभार

शोभेसाठी शेपूट वा कान कापणे वर्ज्य आहे, हे वेगळे सांगावयास नको. परंतु न विंचरलेल्या केसांचा गुंताही कातडी ओढून जखमा करतो. पूडलच्या वंशाचे केस वाढतच राहतात. रोज विंचरणे आणि सहा ते आठ आठवड्यांनी जाणत्याकडून कापून घेणे आवश्यक असते. घरच्या कात्रीने गुंता कापताना त्वचा कापली जाण्याचा धोका असतो. डोळ्यांचे कोपरे रोज पुसावेत. लहान जबड्यात दातांची दाटी होते, म्हणून दात घासण्याची सवय पहिल्यापासून लावावी.

चार किलोच्या देहावर अर्धा किलो चरबी हे मोठे ओझे असते. लहान कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकण्याचा विकार आढळतो, आणि तुपाच्या पोळीने, पेढ्याच्या तुकड्याने तो बळावतो.

अन्नपाननिरोध

येथे जैन घरासमोर खरा पेच उभा राहतो. मांजर मांसाहारावाचून निरोगी राहू शकत नाही. कुत्र्याचे तसे नाही. माणसाच्या सहवासात त्याची पचनशक्ती बदलली. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्टमय अन्न पचवण्यास साहाय्य करणाऱ्या जनुकाच्या प्रती अधिक असतात, हे २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. समतोल शाकाहारावर प्रौढ कुत्रा राहू शकतो. मात्र दूध-पोळी किंवा दहीभात म्हणजे समतोल शाकाहार नव्हे. प्रथिने, कॅल्शियम, बी-१२, टॉरिन यांची उणीव हळूहळू शरीर पोखरते. पूर्ण आहार म्हणून तयार केलेले शाकाहारी खाद्य पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे आणि वेळोवेळी रक्ततपासणी करावी. वाढते पिल्लू वा आजारी कुत्रा यांच्याबाबत वैद्यकाचे मत वेगळे पडू शकते. तसे झाल्यास घर काय करणार, याचा निर्णय पिल्लू आणण्यापूर्वी व्हावा.

चौविहार हा माणसाने समजून घेतलेला नियम आहे, तो पिल्लावर लादू नये. इवल्या पिल्लाच्या रक्तातील साखर उपाशीपोटी एकाएकी उतरते. त्याला दिवसातून तीन-चार वेळा खाणे लागते. ते थरथरू लागले, गळून गेले, तर हिरड्यांना साखरेचे पाणी चोळून तातडीने दवाखाना गाठावा. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहेत. जैन स्वयंपाकघर त्यापुरते सुरक्षित. परंतु खिरीतील बेदाणे, द्राक्षे, चॉकलेट आणि साखरविरहित गोळ्यांतील झायलिटॉल त्याच्या जिवावर बेतू शकतात.

पंधरा वर्षांचा करार

मुंबईत १८३२ मध्ये इंग्रज सरकारच्या भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध शहर पेटून उठले. त्यानंतर १८३४ मध्ये पांजरापोळ उभी राहिली ती व्यापाऱ्यांच्या दानातून. ज्या कुत्र्यांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्यासाठी त्या पिढीने थैली मोकळी केली.

आज स्वतः आणलेल्या कुत्र्याला, मुलगा शिक्षणासाठी परदेशी गेला किंवा घरात सून बाळंत झाली म्हणून बाहेर काढले जाते, तेव्हा त्या वारशाला बट्टा लागतो. लहान कुत्र्याचे आयुष्य बारा ते पंधरा वर्षांचे असते. लसीकरण, जंतनाशन, महापालिकेचा परवाना, म्हातारपणीचे अधू डोळे आणि अखेरची शुश्रूषा, हे सर्व त्या हिशेबात धरावे लागते. घरातील कोणत्या व्यक्तीच्या नावे ही जबाबदारी राहील, हे खातेवहीत नाव मांडावे तितक्या स्पष्टपणे ठरवूनच पिल्लू उंबऱ्याच्या आत घ्यावे. तशी व्यक्ती घरात नसेल, तर मुलांच्या हट्टाला प्रेमाने नकार देणे हीदेखील जीवदयाच आहे.