ताटातील धान्य : किती, कोणते व कशाबरोबर

आपल्या ट्रस्टच्या रौप्य महोत्सवाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चालक मंडळींनी आम्हांस "मास्तर, एखादा उपयोगी विषय घ्या," अशी आज्ञा केली. विषय त्याच बैठकीत मिळाला. एका सभासद बंधूंनी विचारले, "धान्य खाल्ल्याने रक्तात साखर वाढते, पोट सुटते, असे हल्ली जो तो सांगतो. मग आपण दरमहा निराधार भगिनींना व विद्यार्थ्यांना गव्हाची थैली देतो, ती मदत म्हणावी की आजार?" काही मंडळी हसली, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या थैलीवर अनेक चुली पेटतात. म्हणून त्याचा नीट विचार करू या.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी तपासणीत आम्हांस मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पथ्य मात्र आम्ही ऐकीव माहितीवरून ठरविले. पोळी, भाकरी, भात, पोहे, सर्व एकदम बंद! पहिला आठवडा उत्साहात गेला. तिसऱ्या आठवड्यात वर्गात शिकवीत असता हातपाय थरथरू लागले, घाम फुटला आणि आम्ही फळ्याजवळच खाली बसलो. मुलांनी साखरेचे पाणी पाजले. डॉक्टर म्हणाले, "औषध चालू ठेवून भाकरी बंद करा, असे तुम्हांस कोणी सांगितले? साखर फार खाली गेली." मधुमेहाच्या काही औषधांवर असणाऱ्याने न विचारता जेवण तोडणे किती धोक्याचे, हे त्या दिवशी आम्हांस कळले. मग आम्ही ऐकणे थांबवून वाचावयास सुरुवात केली.

गव्हाच्या वा ज्वारीच्या दाण्याचे तीन भाग असतात. वरचे आवरण म्हणजे कोंडा. त्यात तंतू व क्षार असतात. टोकाशी इवलासा अंकुर. त्यात जीवनसत्त्वे व स्निग्धांश. आणि मधला मोठा पांढरा भाग म्हणजे गर; तो बहुतांशी पिष्ट. कोंडा व अंकुर काढून टाकला की मैदा होतो, तांदूळ पांढराशुभ्र होतो. दिसावयास सुंदर, पण कामाचा बराच भाग निघून गेलेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटात डच डॉक्टर आइकमन यांना आढळले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. याच मार्गाने पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला व १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

यावरून कोणी म्हणेल की कोंड्यासकट धान्य असले म्हणजे झाले. तसेही नाही. दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नावाचा रोग आढळत असे. उन्हाने कातडी काळवंडून सोलते, जुलाब होतात, मन भ्रमिष्ट होते. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्याचा शोध घेतला. ज्वारी वाईट होती असे नव्हे. तिच्या सोबतीस दुसरे काही नव्हते. याउलट कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचे जेवण देऊन पाहिले, तेव्हा सर्वांत धष्टपुष्ट निघाले ते उत्तरेकडील जेवणावरचे. त्या जेवणात गव्हाची पोळी होती. पण तिच्याबरोबर दूध, लोणी, डाळ व भाजीही होती.

आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. डाळीत जे कमी, ते धान्यात असते. दोघे मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. हे शास्त्राने अलीकडे सांगितले. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी ते चुलीपाशी केव्हाच साधले होते. शिंदे-पवारांच्या अमलात दक्षिणेतून या भागात आलेल्या मराठी घरांनी झुणका-भाकर आणली. झुणका म्हणजे हरभऱ्याचे पीठ. आमच्या अमझेऱ्याच्या आसपासचे भिल्ल बांधव मक्याचे पानिये पानांत गुंडाळून गोवरीवर भाजतात व उडदाच्या डाळीबरोबर खातात. मक्याची राबडी करतात तीही ताकात. माळव्याचे बाफले डाळीवाचून कोणी वाढीत नाही. आमच्या घरी मोहरमात दादीजान खिचडा शिजवीत; त्यात गहू असे, दोन-तीन डाळी असत व मांसही असे. जाती निराळ्या, धर्म निराळे, पण कोणाच्याही ताटात धान्य एकटे नव्हते.

मग बिघडले कोठे? दोन गोष्टी बदलल्या. पहिली शेतात. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळी पीक म्हणून ज्वारी उभी असे. १९७० नंतर तेथे सोयाबीन आले. सोयाबीनमध्ये शेकडा ४० च्या आसपास प्रथिने. परंतु ते आपल्या ताटात येत नाही, तेलाच्या कारखान्यात जाते. ज्वारी गेली, डाळी महाग झाल्या, आणि ताटात गहू तेवढा वाढत गेला. दुसरा बदल अंगमेहनतीत झाला. जे आजोबा दिवसभर नांगर धरीत त्यांच्या सहा भाकरी पचून जात. नातू दुकानात बसून सकाळी पोहे-जिलबी, दुपारी पोळ्या व भात, चारला चहाबरोबर बिस्किटे व रात्री पुन्हा पोळ्या खातो. हे सर्व धान्यच आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे प्रौढांत शेकडा ११.४ जणांना मधुमेह आहे. म्हणजे सुमारे १० कोटी माणसे. त्याच पाहणीवरून २०२५ साली असे दिसले की आपल्या देशात शेकडा ६२ उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी : पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ तेवढ्याच प्रमाणात खाल्ल्याने धोका कमी होताना दिसला नाही. एकूण प्रमाण थोडे उतरवून त्या जागी डाळ, दूध, दही आले तर मात्र फरक दिसतो. तेव्हा "आम्ही आता ज्वारीच खातो" म्हणून चार भाकरींच्या सहा करणाऱ्यांनी सावध असावे.

प्रमाण किती असावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० उष्मांकांच्या दिवसासाठी असे ताट सांगितले आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाजीपाला ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्यापासून शेकडा ४५ हून अधिक उष्मांक नसावेत व निम्मे धान्य तरी कोंड्यासह असावे. २५० ग्रॅमात पोळी, भात, पोहे, रवा सर्व आले. म्हणजे धान्य हद्दपार करावयाचे नाही. त्याची जागा ठरवून द्यावयाची आहे.

काहींना मात्र विशिष्ट धान्य खरोखरीच वर्ज्य असते. सीलिअॅक नावाच्या विकारात गहू व जव यांतील ग्लुटेन आतड्यास इजा करते. मूल वाढत नाही, वरचेवर जुलाब होतात, अंगात रक्त राहत नाही. अशा मुलास ज्वारी, मका, बाजरी, तांदूळ चालतात. परंतु तपासणी करून घेण्यापूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये. कारण मग तपासणीत रोग सापडत नाही.

आता त्या बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे गरीब कुटुंबास दर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. दिवसाचे १६५ ग्रॅमच्या आसपास. त्यावर आपण दिलेली गव्हाची थैली. ज्या भगिनीच्या घरी कमावते माणूस नाही तिच्या मुलांचे पोट याच धान्याने भरते. ते काढून घेणे पाप होईल. परंतु पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे. शाळेच्या माध्यान्ह भोजनात आम्ही रोज पाहतो : पहिली ते पाचवीच्या मुलास १०० ग्रॅम धान्याबरोबर २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी द्यावी असे सरकारी प्रमाण आहे. सरकारी थाळीतही जे धान्य एकटे ठेवलेले नाही, ते आपल्या थैलीत एकटे का असावे?

म्हणून आमची सभासदांस नम्र विनंती अशी : दहा किलो गव्हाऐवजी सात किलो धान्य द्यावे, त्यात दोन किलो ज्वारी वा मका असावा, आणि वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून दोन किलो डाळ व किलोभर शेंगदाणे द्यावेत. खर्च वाढेल हे खरे. महोत्सवाच्या मेजवानीतील मिठाईचा एक पदार्थ कमी केला तर आरंभ याच वर्षी होईल, व त्याने पाहुण्यांची साखरही आवरेल!

आमच्याबद्दल म्हणाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भाकरी पुन्हा ताटात आली आहे. पूर्वी चार होत्या, आता दोन आहेत. आणि मोकळ्या झालेल्या जागेत डाळ व मेथीची भाजी बसली आहे. आपल्या ट्रस्टच्या पंचवीस वर्षांत ज्यांच्या ताटात धान्य पडले, त्यांच्या ताटात पुढील पंचवीस वर्षांत धान्याचे सोबतीही पडोत, हीच त्या दयाघनाजवळ प्रार्थना.