‘काही मिळालं नाही’ म्हणण्याआधी…

प्रोजेक्टची तारीख जवळ आली की आपलं संशोधन कुठून सुरू होतं? सर्च बॉक्समधून! दोन-चार शब्द टाकायचे, पहिल्या पानावरचे पाच-सहा पेपर डाउनलोड करायचे, की झाला ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ तयार. गाइडने विचारलंच, ‘यावर आधी काही काम झालंय का?’ तर आपलं उत्तर ठरलेलं, ‘शोधलं सर, पण काही मिळालं नाही.’

हे ‘काही मिळालं नाही’ किती महागात पडू शकतं, ते बघा.

२००१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याशी संबंधित एक प्रयोग सुरू होता. त्यात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं औषध श्वासावाटे दिलं जात होतं. एकेकाळी हे औषध रक्तदाबावर वापरलं जायचं. स्वयंसेवकांमध्ये २४ वर्षांची एक तरुणी होती, विद्यापीठाच्याच दमा केंद्रात टेक्निशियन असलेली, धडधाकट. औषध घेतल्यानंतर तिला खोकला सुरू झाला, मग फुप्फुसं निकामी होत गेली आणि जूनमध्ये तिचा मृत्यू झाला.

मग आधी कुणी माहिती शोधलीच नव्हती का? शोधली होती. ‘पबमेड’ या वैद्यकीय डेटाबेसमध्ये पाहिलं होतं. पण तेव्हा त्यातल्या नोंदी साधारण १९६६ पासूनच्या होत्या. या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते, असं सांगणारे लेख होते १९५० च्या दशकातले! ते नंतर सापडले. चौकशीत इतरही त्रुटी निघाल्या. पण जगभरच्या ग्रंथपालांना यातली एक गोष्ट लागून राहिली. शोध घेणाऱ्याला आपण कुठे शोधलं नाही, हेच कळलेलं नसतं.

रिसर्च लायब्ररियनचं खरं काम इथेच सुरू होतं. तुम्ही त्यांच्याकडे गेलात तर ते आधी प्रश्न विचारतील. कुठे शोधलंत? कोणत्या सालापासूनचं? कोणते शब्द टाकले? साधं उदाहरण घ्या. मुंबईच्या खाड्यांवर प्रोजेक्ट करताय आणि इंग्रजीत फक्त ‘मुंबई’ टाकून शोधताय? शहराचं इंग्रजी नाव १९९५ मध्ये बदललं. त्याआधीचे पेपर ‘बॉम्बे’ या नावाखाली आहेत. पुण्यावर काम करताय तर ‘पूना’ही टाकून बघा. हळदीवर काम असेल तर टर्मरिक, कर्क्युमिन आणि कर्क्युमा लाँगा हे तिन्ही शब्द हवेत. एक शब्द सुटला की अख्खं कपाट सुटलं, असं समजा.

म्हणूनच औषधोपचारांच्या पुराव्यांचा आढावा घेणारी ‘कोक्रेन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था शोधाची आखणी करतानाच ग्रंथपाल किंवा माहितीतज्ज्ञाला सोबत घ्या, असं संशोधकांना सांगते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना ही मदत लागते, मग आपण का लाजायचं?

आपल्याकडेही आता बरंच काही हाताशी आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तिच्यातून सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स खुली झाली आहेत. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात. आपलं कॉलेज या योजनेत आहे का, लॉगिन कसं मिळतं, नसेल तर तो पेपर दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येईल का, हे सगळं विचारायची जागा एकच: लायब्ररी.

आणखी एक. ‘पैसे भरा, आठ दिवसांत पेपर छापू’ असा मेल आला तर खिशात हात घालण्याआधी ते जर्नल लायब्ररियनना दाखवा. ज्याचा संदर्भ देताय तो पेपर मागे तर घेतला गेलेला नाही ना, हेही तपासून घ्या. तुमचा डेटा नीट नावं देऊन कसा जपायचा, म्हणजे पुढच्या बॅचलाही तो वापरता येईल, यातही त्यांची मदत होते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यातला एक. पण वाचकाने काउंटरपर्यंत जायला तर हवं! आपण तिथे जातो ते बहुतेक वेळा पुस्तक इश्यू करायला, नाहीतर दंड भरायला.

या आठवड्यात जरा वेगळ्या कामासाठी जा. एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: तुमचा प्रश्न, आतापर्यंत वापरलेले शब्द आणि शोधलेल्या जागा. अर्धा तास मागा. कदाचित तरीही काही मिळणार नाही. पण व्हायवात ‘काही मिळालं नाही’ म्हणताना कुठे-कुठे शोधलं, हे तुम्हाला ठामपणे सांगता येईल.