उद्याचा फोडणीचा भात
रविवारी आठवड्याचा बेत आखताना ‘सोमवारी डब्याला फोडणीचा भात’ असं तुम्हीही ठरवत असाल. मग रात्री वाटीभर तांदूळ जास्त लावायचे आणि उरलेला भात ओट्यावरच झाकून ठेवायचा. गडबड इथेच होते.

तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि त्यातल्या काही जाती सेरुलाइड नावाचं विष सोडतात. सकाळच्या फोडणीत जिवाणू मरतीलही; विष मात्र १२१ अंश सेल्सियसलाही टिकतं. कुकरमध्ये साधारण तेवढंच तापमान असतं! म्हणून ‘दणदणीत वाफ आणली की झालं’ हे खरं नाही. वासावरूनही काही कळत नाही.

१९७१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्या, त्याचं कारण हेच निघालं. भात आधीच उकडून बाहेर ठेवलेला होता.

बेत बदलू नका. भात परातीत पसरून निववा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. पातेल्यात मधला भात फार वेळ कोमट राहतो. रात्रभर बाहेर राहिलेला मात्र, जिवावर आलं तरी, टाकून द्या.