खाऱ्या वाऱ्यातील जुनी सदनिका

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येणाऱ्या प्रवाशाला उरणची पहिली भेट जेथे घडते, त्या मोरा बंदराचा परिसर 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाल्याने मुंबईच्या अधिक जवळ आला, आणि उरण-पनवेल पट्ट्यात नवीन घर न परवडणारी कुटुंबे वीस-तीस वर्षे जुन्या, पुनर्विक्रीच्या सदनिकांकडे पाहू लागली. नव्या प्रकल्पाला 2016 च्या रेरा कायद्याचे छत्र असते. पुनर्विक्रीत मात्र खरेदीदार विक्रेत्याच्या जागी उभा राहतो आणि त्याचे हक्क जसे मिळवतो, तसेच अपुरे राहिलेले कागदही पदरात घेतो.

सदनिका घेणे म्हणजे चार भिंती घेणे नव्हे, तर गृहनिर्माण संस्थेतील भाग आणि तिच्या जमिनीतील हितसंबंध घेणे होय. महाराष्ट्राच्या 1963 च्या मालकी सदनिका कायद्याखालील नियमांनुसार संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत विकसकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यावी लागते. या हस्तांतराला अभिहस्तांतरण म्हणतात. ते टाळले जाण्याचे प्रकार इतके वाढले की 2008 मधील दुरुस्तीने जिल्हा उपनिबंधकाकडून ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळवण्याची वाट खुली झाली. जमीन संस्थेच्या नावे नसेल, तर उद्या पुनर्विकासाची वेळ आल्यावर रहिवाशांच्या हाती वाटाघाटीचे बळ उरत नाही. द्रोणागिरी किंवा नवीन पनवेलसारख्या सिडकोच्या वसाहतींत जमीन मुळात 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, म्हणून तेथे पट्ट्याची उरलेली वर्षे आणि सिडकोची हस्तांतरण परवानगी हे दोन्ही तपासावे लागतात.

कागदांपेक्षाही खाडीकाठी अधिक जपायची गोष्ट म्हणजे लोखंडी सळई. समुद्राच्या वाऱ्यातील क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात, सळईवरील संरक्षक थर मोडतात आणि गंज धरू लागतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापत असल्याने ते काँक्रीटला आतून फोडते. बाल्कनीच्या छताच्या कडेला सळईच्या रेषेत धावणारी बारीक चीर, तिच्यातून उतरलेला तपकिरी ओघळ आणि बोटाने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज ही या दुखण्याची लक्षणे होत; नव्या रंगाखाली चीर व ओघळ झाकले जातात, आवाज मात्र झाकता येत नाही. आदर्श उपविधींनुसार इमारतीचे वय 15 ते 30 वर्षे असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून अधिक असेल तर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी, म्हणजेच स्ट्रक्चरल ऑडिट, करायचे असते. तो अहवाल मागण्यात संकोच बाळगू नये.

जपानमध्ये जुनी सदनिका घेताना ती जून 1981 मध्ये लागू झालेल्या भूकंपरोधक मानकापूर्वीची की नंतरची, हे पाहतात, आणि त्याबरोबरच दरमहा जमणारा दुरुस्ती-निधी पुढील मोठ्या दुरुस्तीला पुरेल काय, हेही विचारतात. आपल्याकडे ‘मेंटेनन्स कमी’ हे विक्रीचे आमिष ठरते, ही खेदाची गोष्ट आहे, कारण सदनिकेच्या बांधकाम-खर्चाच्या वार्षिक किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड आणि 0.75 टक्के दुरुस्ती-निधी जमवण्याची तरतूद उपविधींत असूनही जेथे ती पाळली जात नाही, तेथे आज वाचलेला पैसा उद्या गच्चीच्या गळतीपोटी एकरकमी वर्गणीने भरावा लागतो.

मुद्रांक भरलेल्या करारांची अखंड साखळी, भाग प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला हे तर हवेतच. हस्तांतरणाचे अधिमूल्य म्हणून संस्थेला 25,000 रुपयांहून अधिक मागता येत नाही. याखेरीज विक्रेत्यामार्फत संस्थेच्या मागील तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते मिळवून वाचावीत, कारण गच्चीच्या गळतीचा तोच ठराव त्यांत वर्षामागून वर्ष ‘पुढील सभेपर्यंत तहकूब’ झालेला तेथेच सापडतो.